वाचनाचे अधिष्ठान : नव्या वर्षाचा घरचा अभ्यास



गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाने मला घरी बोलावले होते. दोन वर्षांपूर्वी त्या घराने धम्मदीक्षा घेतली. घरातला देव्हारा गेला, उतारा टाकणे बंद झाले, नवस-सायास सुटले. हे सोपे नव्हते. भावकीतल्या काही घरांनी त्यांच्याकडे येणे-जाणेही तोडले आहे. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली फळीवर पांढऱ्या स्वच्छ कापडात बांधलेला एक ग्रंथ ठेवलेला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मी पाहायला मागितला तेव्हा घरातील आजीबाईंनी आधी हात धुतले, ग्रंथ कपाळाला लावला आणि मग माझ्या हाती दिला. उघडून पाहते तो पाने एकमेकांना चिकटलेली. कोणी उघडलाच नव्हता. सातवीतला नातू शेजारी उभा होता. तो म्हणाला, “बाई, आम्हांला त्याला हात लावू देत नाहीत.”

त्या आजींना मी दोष देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षराजवळ येऊ दिले नाही, त्यांच्या घरी ग्रंथ आला म्हणजे तो जपावासा वाटणारच. परंतु घरी परत येताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. पोथी गेली खरी, पण पोथी ठेवण्याची रीत मागे राहिली. ही रीत बदलायची तर काय करावे, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे. नवे वर्ष सुरू होताना प्रत्येक बौद्ध कुटुंबाने वाचनाचा एक निश्चय करावा आणि तो कसा करावा, याचा आपण क्रमाने विचार करू.

१. पारायण आणि वाचन

पारायणात आणि वाचनात मोठा फरक आहे. पारायणात किती अध्याय झाले याला महत्त्व असते. अर्थ कळो न कळो, ऐकल्याने पुण्य मिळते अशी समजूत असते. वाचणारा एक, ऐकणारे बाकीचे, आणि प्रश्न विचारणे म्हणजे पाप. धम्मात यातील एकही गोष्ट बसत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात सांगितले आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका. ती कुशल आहे की अकुशल, तिने हित होते की अहित, हे स्वतः पडताळून पाहा, असा त्याचा आशय आहे. जो शास्ता स्वतःचे म्हणणेही तपासून घ्या असे सांगतो, त्याचा ग्रंथ कापडात बांधून ठेवणे हा त्याचा सन्मान कसा होईल?

धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात गुराख्याची उपमा आहे. पुष्कळ पाठ म्हणणारा परंतु त्याप्रमाणे न वागणारा माणूस दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा आहे. मोजणी त्याची, पण दूध त्याच्या वाट्याला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या वाडवडिलांनी दुसऱ्यांची गुरे राखली, त्यांना या उपमेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

२. बाबासाहेबांच्या घरचे वाचन

बाबासाहेब बुद्धाकडे कसे वळले, हे त्यांनी आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार धार्मिक वृत्तीचे होते. ते मुलांकडून घरी रामायण-महाभारत वाचून घेत. भीमराव वाचीत, पण मुकाट्याने वाचीत नसत. त्या कथांतील थोर म्हटल्या गेलेल्या पात्रांचे वागणे त्यांना पटत नसे आणि ते वडिलांना तसे विचारीत. पुढे विद्यार्थिदशेतच, त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. ते वाचल्यावर त्यांनी वडिलांना विचारले की, आम्हांला बौद्ध वाङ्‌मयाची ओळख का करून दिली नाही?

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, घरात मोठ्याने वाचण्याची सवय होती. दुसरी, मुलगा प्रश्न विचारीत होता आणि बाप त्याला उठवून लावीत नव्हता. तिसरी, योग्य वेळी एका वडीलधाऱ्या माणसाने आपले पुस्तक मुलाच्या हाती दिले. त्या एका भेट पुस्तकापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतची वाट फार लांब आहे. पण ती तेथून सुरू झाली.

३. प्रश्न विचारीत वाचणे म्हणजे काय

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर आहे, हिंदी भाषांतर भदंत आनंद कौसल्यायन यांनी केले आहे. ग्रंथाचे आठ खंड आहेत. परंतु पहिल्या खंडाआधी बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील की मागाहून आलेली? आत्मा नाही असे बुद्ध सांगतात, मग कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय? आणि भिक्खू संघ कशासाठी, केवळ स्वतः पूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? वाचकांनीही यांवर विचार करावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. जो ग्रंथ प्रश्नांनी सुरू होतो, तो प्रश्न न विचारता वाचता येणारच नाही.

उदाहरण म्हणून पहिलाच प्रश्न घ्या. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेब विचारतात की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत यांपैकी काहीच पाहिले नव्हते, हे कसे शक्य आहे? मग ते रोहिणी नदीची हकीकत सांगतात. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून ही नदी वाहत होती. शेतीला पाणी आधी कोणी घ्यायचे, यावरून दोघांत तंटे होत. एकदा मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंची माणसे निवडून पंचांकडून तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. ठराव त्याच्याविरुद्ध गेला. सैन्यात यायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याला शिक्षेचा धाक घालण्यात आला. त्यात घराण्यावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त करणे हेही होते. कुटुंबाला झळ लागू नये म्हणून त्याने स्वतः देशत्याग पत्करला आणि परिव्राजक झाला.

हा भाग मी माझ्या आईला वाचून दाखविला. आईला अक्षर येत नाही. ती भाकरी थापत होती. मी बहिष्कारापर्यंत आले आणि तिचा हात थांबला. ती म्हणाली, “म्हंजी बुद्धाच्या घरालाबी वाळीत टाकायचा धाक घातला व्हता?” मी हो म्हटले. मग तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती लहान असताना तिच्या माहेरच्या वस्तीने गावकीची कामे सोडली, म्हणून गावाने वाळीत टाकले होते. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना. तिची आई रात्री तीन कोस चालून दुसऱ्या गावाहून पीठ आणी. मी पदवीधर झाले, शाळेत शिकवू लागले, धम्मावर भाषणेही देऊ लागले. पण माझ्या आजीने पिठासाठी केलेली ही पायपीट मला ठाऊक नव्हती. ती मला त्या पानाने सांगितली.

तेव्हापासून मी असे मानते की, वाचता न येणारा माणूस वाचनाच्या बाहेर नसतो. ऐकणारा आणि विचारणारा तोही वाचकच आहे. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली. तेव्हा आपल्या समाजात अक्षर येणारे थोडे होते. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, असेच ते अंक वस्तीवस्तीत पोचले.

४. निश्चय कसा करावा

दहा पारमितांपैकी एक अधिष्ठान पारमिता आहे. अधिष्ठान म्हणजे ठरविलेले पुरे करण्याचा दृढ निश्चय. वाचनालाही असेच अधिष्ठान लागते. परंतु निश्चय झेपेल असा असावा. मी स्वतः एके वर्षी चोवीस पुस्तकांची यादी करून भिंतीवर लावली होती. वर्षअखेर तीन झाली. यादी मी वाचण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी म्हणून लावली होती, हे मला नंतर उमगले.

म्हणून पुस्तकांची संख्या ठरवू नका, रोजचा वेळ ठरवा. संध्याकाळच्या बुद्धवंदनेनंतर दहा मिनिटे पुरेत. दहा मिनिटांत मोठ्याने सावकाश तीन पाने होतात. रोज तीन पाने म्हणजे वर्षाला १०९५ पाने! एवढी पाने आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या वर्षी वाचली?

दुसरे, जागा ठरवा. बाहेरच्या खोलीत पुरुष आणि मुले वाचीत आहेत आणि घरातील बाई आत चुलीपाशी आहे, असे असेल तर त्या वाचनाचा अर्धा उपयोग गेला. तिचे काम आवरेपर्यंत थांबा, काम वाटून घ्या, नाहीतर ओट्यापाशी बसून वाचा.

तिसरे, वाचणारा रोज बदला. आज मुलगी, उद्या वडील, परवा सून. अडखळला तर हसू नका.

चौथे, एक साधी वही करा. तारीख, काय वाचले आणि कोणी काय विचारले, एवढेच तीन रकाने. ज्या दिवशी तिसरा रकाना रिकामा राहील, त्या दिवशी आपण पारायण केले असे समजा.

५. वर्षाचा क्रम

आपल्या वर्षात आपले दिवस आहेतच. वाचन त्यांना जोडले म्हणजे लक्षात राहते.

(अ) ३ ते २६ जानेवारी : ३ जानेवारी १८३१ हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. त्या दिवशी प्रारंभ करावा. त्या दिवशी मुक्ताबाईचा निबंध वाचावा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये छापला गेला. तो छोटा आहे, मुलेही वाचू शकतात. त्याच दिवसापासून बावीस प्रतिज्ञांपैकी रोज एक वाचून तिच्यावर बोलावे. २४ तारखेला बावीस पुऱ्या होतात. २५ ला सर्व एकदम वाचाव्यात आणि २६ जानेवारीला संविधानाची उद्देशिका वाचावी. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते, याची त्या दिवशी मुलांना आठवण द्यावी.

(आ) २७ जानेवारी ते १४ एप्रिल : बाबासाहेबांचे चरित्र. धनंजय कीर यांचे एका ग्रंथात आहे, चांगदेव खैरमोडे यांचे अनेक खंडांत आहे. सर्व न झेपल्यास निवडक प्रकरणे घ्यावीत. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण वाचावे आणि रोहिणीच्या पाण्याशी त्याची तुलना करावी. ११ एप्रिलला जोतीराव फुले यांची जयंती येते. त्या दिवशी १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ची काही पाने वाचावीत.

(इ) १५ एप्रिल ते आषाढ पौर्णिमा : धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’. हा गोव्याचा माणूस पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपापर्यंत गेला. म्हातारा-आजारी-प्रेत या कथेवर त्यांनीही शंका घेतली आहे. वैशाख पौर्णिमा आणि मुलांची सुटी याच काळात येते, म्हणून या दिवसांत वाचण्याचे काम मुलांकडेच द्यावे.

(ई) वर्षावास, आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा : ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. हा काळ सुमारे नव्वद दिवसांचा. आपल्या प्रतीची पाने मोजा आणि नव्वदने भागा. ४५० पाने असतील तर रोज पाच पडतात. या तीन महिन्यांत वेळ थोडा वाढवावा लागेल. अनेक विहारांत या काळात ग्रंथवाचन होते. तेथे जरूर जावे, पण विहारात ऐकले म्हणून घरी वाचायचे नाही, असे करू नये. उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, सोपाक यांच्या धम्मदीक्षेची प्रकरणे आली की थांबावे आणि घरातील प्रत्येकाने बोलावे.

(उ) अश्विन पौर्णिमा ते ६ डिसेंबर : आपल्या माणसांनी लिहिलेले एक पुस्तक. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) यांपैकी कोणतेही. आईवडिलांना आपल्या आठवणी सांगायला लावणारी ही पुस्तके आहेत.

याखेरीज वर्षभर धम्मपद सोबत ठेवावे. धम्मपदात २६ वग्ग आणि ४२३ गाथा आहेत. पंधरवड्याला एक वग्ग घेतला तर २६ पंधरवड्यांत, म्हणजे ५२ आठवड्यांत, तो पुरा होतो. शेवटच्या वग्गाचे नाव ब्राह्मणवग्ग आहे. नाव पाहून दचकू नका. जन्माने किंवा जटांनी कोणी ब्राह्मण होत नाही, आचरणाने होतो, असे तेथे सांगितले आहे.

६. पुस्तकांची देवघेव

पुस्तके महाग झाली आहेत आणि आपली कमाई बेताची आहे, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा : पाच घरांनी मिळून एकेक पुस्तक घ्यावे आणि दर पंधरा दिवसांनी ते पुढच्या घरी द्यावे. अडीच महिन्यांत प्रत्येक घरी पाचही पुस्तके पोचतात आणि खर्च एकाच पुस्तकाचा होतो. पंधरा दिवसांत पुस्तक पुरे झाले नाही, तर राहिलेला भाग पुढच्या फेरीत वाचावा. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले आहेत. त्यांतील अकरावा खंड म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे मूळ इंग्रजी. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना तो द्यावा. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. तेथे जाणाऱ्याने तसबिरी-बिल्ल्यांबरोबर एक पुस्तकही आणावे. मोबाईलवरही आता बरेच मिळते. पण एकट्याने पाहण्यापेक्षा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे.

दर पौर्णिमेला विहारात दोघांनी आपले आवडते पुस्तक इतरांना सांगावे. भाषण नको. तीनच गोष्टी सांगाव्यात : कोणता प्रसंग मनात राहिला, कोणती गोष्ट पटली नाही, आणि वाचल्यामुळे घरात काय बदलले.

पहिला क्रमांक माझा समजा. माझे आवडते पुस्तक थेरीगाथा. त्यातील पुण्णिका पाणी भरणारी दासी होती. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने पाप जात असेल तर मासे, बेडूक, कासवे सारीच स्वर्गात जातील. आणि पाण्याने पाप वाहून जात असेल तर पुण्यही वाहून जाणार नाही काय? थंडीत पाणी भरणे तिच्या नशिबी लादलेले होते, तो ते पुण्यासाठी करीत होता. त्या दासीने शाळा पाहिली नव्हती, पण तिचा प्रश्न आजही टिकून आहे. पटले नाही ते असे की, अनेक थेरींच्या पूर्वजन्मांच्या कथा त्यांच्या गाथांना मागाहून जोडल्या गेल्या आहेत. आणि घरात बदलले ते हे की, आता आई मला अडवून प्रश्न विचारते.

७. शेवटी

ज्या घरापासून मी सुरुवात केली, तेथे परवा पुन्हा जाणे झाले. कापड सोडलेले होते. ग्रंथाच्या पहिल्या काही पानांचे कोपरे मळले होते, एका पानावर हळदीचे बोट उमटले होते. आजी संकोचून म्हणाल्या, “बाई, नातू वाचतो अन् मी ऐकते. पान खराब झालं बघा.” मी म्हटले, “आजी, एवढंच एक पान खराब झालंय. अजून पुष्कळ बाकी आहेत.” नातू हसला. त्याने वही दाखविली. तिसऱ्या रकान्यात आजीचा प्रश्न लिहिलेला होता : यशोधरेला कोणी विचारले होते का?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहे. ते मी सांगितले नाही. ते दोघे वाचून काढतील. वाचकांनीही आपापल्या घरी शोधावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पारायण आणि वाचन यांतील फरक आपल्या घरातील उदाहरणाने सांगा.
२. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध का केला आणि कोणता पर्याय सुचविला?
३. बावीस प्रतिज्ञांपैकी आपल्या घरी पाळायला सर्वांत कठीण कोणती वाटते? का?
४. घरातील सर्वांत वडील माणसाला त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

नमो बुद्धाय. जयभीम.